टाकळकर साहेबांची वही

मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला टाकळकर साहेब आमच्या ऑफिसात आले, पत्रिका माझ्या टेबलावर ठेवली आणि खिशातून एक छोटी वही काढून माझ्यापुढं धरली. वहीत तारीख, वेळ आणि माझं नाव आधीच लिहून आणलेलं होतं. पुढच्या रकान्यात मी फक्त सही करायची होती. मला वाटलं चेष्टा चाललीय, म्हणून मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "पोच. उद्या तुम्ही म्हणाल, पत्रिका मिळालीच नाही." मी सही केली. लग्नाला आलेल्या झाडून सगळ्यांनी अशीच सही केली होती हे जेवताना कळलं, आणि त्या विषयावर आमचं टेबल पोट धरून हसलं. मीही हसत होते. तेव्हा मला या माणसाचा राग येत नव्हता.

आता येतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाची फसगत नको. एखाद्या माणसावर लिहायचं तर त्याच्या चांगल्या बाजूही सांगाव्यात म्हणतात. मी सांगणार आहे, कारण त्या खऱ्या आहेत. आणि आमचं जे वाटोळं झालं ते त्यांच्या चांगल्या बाजूंनीच केलं.

साहेब उस्मानपुऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. उभी हयात दूरसंचाराच्या परवान्यांच्या कागदांत गेलेली. कोणतं कार्यालय, कोणता हुद्दा, ते जाऊ द्या. अंगानं काटकुळे, पांढरा हाफशर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं आणि एक हिरवं. हिरवी शाई अधिकाऱ्याची. निवृत्तीनंतर ती वापरायचा हक्क राहतो की नाही, असं त्यांनी आपल्या जुन्या कार्यालयाला पत्र लिहून विचारलं होतं. उत्तर आलं नाही. त्यामुळे हिरवं पेन खिशात असायचं, पण त्याचं टोपण कधी निघायचं नाही. हे मला त्यांनीच सांगितलं, तेही अगदी सरळ चेहऱ्यानं.

कॅमेऱ्याच्या रोलच्या जुन्या डबीत ते बडीशेप ठेवायचे. समोरच्याला द्यायचे, पण चिमूटभरच, आणि तीही आपल्या हातानं. कुठलाही कागद हातात आला की आधी शेवटचं पान उलटायचे. सही कुणाची आहे ते बघितल्याशिवाय मजकूर वाचण्यात अर्थ नाही, असं त्यांचं मत होतं. शहराचं नाव बदललं तेव्हा गावभर लोक काय काय बोलत होते. साहेबांना एकच काळजी पडली होती, की जुन्या पत्त्यावर पाठवलेल्या पत्राची नव्या पत्त्यावर घेतलेली पोच ग्राह्य धरतात का. अर्थातच त्यांनी तसं पत्र टाकलं. इमारतीच्या गच्चीवर बायकोला कुरडया वाळत घालायच्या होत्या तर सोसायटीला अर्ज दिला. सेक्रेटरी म्हणाले की अहो साहेब, घाला ना, कोण नको म्हणतंय. साहेब म्हणाले, तसं लिहून द्या. ते लिहून मिळेपर्यंत उन्हाळा सरला. वहिनींनी कुरडया विकत आणल्या.

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं. "तोंडी म्हणजे वारा. माणूस मुकरतो ताई, कागद नाही मुकरत." दिवसातून दोनदा तरी ते कानावर पडायचं. आणि त्यांच्या त्या वहीत सगळं उतरायचं. कोण आलं, काय म्हणालं, किती वाजता. रिक्षावाल्यानं नाही म्हटलं तर त्याचीही नोंद.

आमची संस्था छोटी. मी तिथं कागदपत्रं, पत्रव्यवहार आणि अहवाल बघते. त्या वर्षी आम्ही वरच्या वाडीत एक काम उभं केलं होतं. फर्दापूरच्या पुढं डोंगराच्या पोटात साठेक घरांची ही वाडी. एवढ्याशा घरांसाठी टॉवर परवडत नाही असं मोबाईलवाल्यांनी तोंडावर सांगितलेलं. खालच्या गावात पंचायतीपर्यंत फायबर आली होती. मग वाडीनं मिळून तिथं एक कनेक्शन घेतलं. एक डिश खालच्या शाळेच्या गच्चीवर, एक पीराच्या टेकडीवर, आणि तिथून वाडीच्या समाजमंदिरावर. तिथून घराघरात वायफाय. एवढंच. ते सांभाळायची सुनंदा. बारावी झालेली, नवरा वाळूजला कारखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा घरी येणारा. वायरीची टोकं बसवायला ती दोन दिवसांत शिकली आणि तिसऱ्या दिवसापासून आम्हाला आमच्या चुका दाखवायला लागली.

वाडीला इंटरनेट कशाला हवं होतं, तर सगळ्यात आधी रेशनसाठी. दुकानदार महिन्यातून एकदा धान्य आणि अंगठ्याचं मशीन घेऊन वर यायचा. मशीनला रेंज लागते, आणि रेंज फक्त पीराच्या टेकडीवर. त्यामुळे दुकानदार मशीन घेऊन टेकडीच्या माथ्यावर बसायचा आणि वाडी एकेक करून वर जाऊन अंगठा देऊन यायची. तरण्यांचं ठीक आहे. सुनंदाची सासू सखरबाई हिचे दोन्ही गुडघे गेलेले. तिचं कार्ड एकटीच्या नावाचं, विधवेचं, म्हणून अंगठा तिचाच लागायचा. दर महिन्याला सुनंदा तिला हाताला धरून, मधेमधे बसवत, ती टेकडी चढवायची. डिश बसल्यावर दुकानदार समाजमंदिराच्या ओट्यावर बसायला लागला आणि सखरबाई काठी टेकत चाळीस पावलांत तिथं पोचायला लागली. आमच्या अहवालात मी बरंच काही लिहिलं होतं, मुलींचा अभ्यास, कापसाचे भाव वगैरे. पण खरं सांगायचं तर ते सगळं काम एकट्या सखरबाईच्या गुडघ्यांसाठी झालं असतं तरी मला चाललं असतं.

मग आम्हाला निधी देणाऱ्यांनी एक तक्ता पाठवला. त्यात रकाना होता, 'कायदेशीर स्थिती'. तो भरायला मी टाकळकर साहेबांना बोलावलं. मीच बोलावलं.

प्रश्न असा होता. घरात ज्या लहरींवर वायफाय चालतं त्या मोकळ्या आहेत, त्यांना परवाना लागत नाही. पण दुसऱ्याला इंटरनेट पुरवायचं म्हटलं की परवाना लागतो. मग साठ घरांनी मिळून एक कनेक्शन घेतलं आणि आपापसांत वापरलं, तर ते पुरवणं झालं की वापरणं? मोठ्या कंपन्यांसाठी नियम आहेत, चहाच्या टपरीवर वायफाय ठेवणाऱ्यासाठीही सरकारनं सोय केली आहे. वाडीचं स्वतःचं जाळं असू शकतं हे मात्र नियम लिहिणाऱ्याच्या मनातच आलं नसावं. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, तोवर कुणाला उत्तरही द्यावं लागत नव्हतं. फर्दापुरात एक हॉटेलवाला लेणी बघायला येणाऱ्यांसाठी असंच एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर नेट फिरवत होता. त्याला कुणी हटकलं नव्हतं, त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं.

मी साहेबांना हॉटेलवाल्याचं उदाहरण दिलं. त्यांनी बडीशेपेची डबी बंद केली. म्हणाले, "तो चोरासारखा राहतो म्हणून तुम्ही पण तसंच राहायचं? तुमचं काम चांगलं आहे ताई. चांगल्या कामानं तर आधी विचारलं पाहिजे."

मग त्यांनी मला एक जुनी हकीकत सांगितली. ते नोकरीत नवीन असताना गंगापूरकडचा एक ऊसवाहतूकदार आपल्या गाड्यांसाठी वॉकीटॉकी वापरायचा. परवाना नव्हता. साहेब गेले आणि संच जप्त करून सील केले. तो माणूस रडायला लागला. म्हणाला की तुमच्या आधीच्या साहेबांनी चालतंय म्हणून सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं, कागद आहे? कागद नव्हता. आधीच्या साहेबाला विचारायला गेले तर तो म्हणाला, मी असं बोललोच नाही. वाहतूकदाराचा हंगाम बुडाला. टाकळकरांचं म्हणणं असं की आधीच्या साहेबानं तसं सांगितलं होतं हे त्या माणसाच्या तोंडाकडं बघूनच त्यांना कळत होतं. तरी सील त्यांनीच केलं. हे सांगून त्यांनी बडीशेपेची डबी पुन्हा उघडली. मला त्यांच्याबद्दल त्या दिवशी जे वाटलं त्याला आदर म्हणतात, आणि तो आदरच मला नडला.

ते स्वतःहून म्हणाले की जागा बघितल्याशिवाय पत्र लिहिता येणार नाही. एसटीनं आम्ही दोघं फर्दापूरला गेलो, तिथून जीपनं, मग पायी. वाटेत चहाचे पैसे त्यांनी त्यांचे दिले आणि माझे मला देऊ दिले. एक पैसा त्यांनी आमच्याकडून कधी घेतला नाही. लाच खाणारा माणूस असता तर वाडीचं काम झालं असतं, असं नंतर माझ्या कितीदा मनात आलं. वयाच्या मानानं ते टेकडी भराभर चढले. खांबाची उंची विचारली, डिशचं तोंड कुठल्या दिशेला ते विचारलं, वहीत उतरवलं. सुनंदाला विचारलं की हे कुणाच्या परवानगीनं लावलं.

"कुणाच्या म्हंजे? वाडीच्या," सुनंदा म्हणाली.

त्यांनी तेही उतरवलं. मग जबाबदार इसम म्हणून कुणाचं नाव टाकायचं, असं विचारलं. सुनंदानं मान ताठ करून आपलं पूर्ण नाव सांगितलं. आजवर कुठल्या सरकारी कागदावर तिचं नाव जबाबदार म्हणून आलं नव्हतं, तिला आनंद झालेला दिसत होता. खोटं कशाला बोलू, मलाही झाला.

सखरबाईनं आम्हाला जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. साहेब मन लावून जेवले आणि ताटात कणभर ठेवलं नाही. हात धुताना म्हणाले की आजी, तुमचं हे काम मी पक्कं करून देतो, मग कुणी काढून नेऊ शकणार नाही.

सखरबाई म्हणाली, "व्हय बाबा, लई उपकार व्हतील. दुसरं काय नाय मागत. तेवढं मला परत टेकडी चढाया लावू नको."

साहेबांनी वही काढली आणि ते लिहून घेतलं. म्हातारी कौतुकानं बघत राहिली. आपलं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय याचं तिला अप्रूप वाटलं असावं.

पत्र साहेबांनी सांगितलं, मी टाईप केलं. 'सदर जाळे परवान्याच्या कक्षेत येते किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.' इतकं नेटकं पत्र मी त्याआधी लिहिलं नव्हतं. सोबत खांबाची उंची, डिशची दिशा, घरांची संख्या, जबाबदार इसमाचं नाव. खाली संस्थेतर्फे सही माझी. साहेब स्वतः जाऊन ते देऊन आले आणि पोच माझ्या टेबलावर ठेवली. शिक्का सरळ उमटलाय, आजकाल कुणी सरळ शिक्का मारत नाही, असं म्हणाले. मी चहा मागवला. रकान्यात लिहिलं, 'मार्गदर्शन मागविले आहे'.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. प्रकरण विचाराधीन आहे. निर्णय होईपर्यंत सदर यंत्रणा कार्यान्वित ठेवू नये.

मी साहेबांकडं धावत गेले. त्यांनी शेवटचं पान आधी बघितलं, सहीचा हुद्दा वाचून मान डोलावली, मग मजकूर वाचला. मला वाटलं आता तरी हा माणूस हादरेल. ते म्हणाले की छान, दखल घेतली. मी म्हटलं साहेब, दखल कसली, बंद करायला सांगितलंय. ते म्हणाले, मग करा. मी म्हटलं नाही केलं तर? डोंगरात बघायला कोण येतंय?

"काल चालवत होता ते अजाणता," ते म्हणाले. "आज चालवाल ते जाणून. आणि नाव त्या पोरीचं आहे, तुमचं नाही."

हे खरं होतं. हे खरं नसतं तर मी त्यांचं ऐकलं नसतं. सुनंदाचं नाव तिच्या पूर्ण पत्त्यासह त्या कार्यालयात आम्हीच नेऊन दिलं होतं. न विचारता दहा वर्षं चाललं असतं ते आम्ही स्वतःच्या हातानं, खांबाच्या उंचीसकट, त्यांच्या टेबलावर ठेवलं होतं. जगात कुणी करणार नाही अशी ही चूक. फक्त शिकलेली, सरळमार्गी, आपण काही गैर करत नाही याची खात्री असलेली माणसंच ती करतात. मी सुनंदाला निरोप दिला.  तिनं विचारलं की ताई, आपलं चुकलं काय? मी म्हटलं काही नाही. मग बंद का? मी म्हटलं पत्र आलंय. तिनं समाजमंदिरावर चढून बटण बंद केलं आणि डिशवर खताची रिकामी गोणी बांधून टाकली, धूळ बसू नये म्हणून.

पुढच्या महिन्यात दुकानदार पुन्हा टेकडीवर जाऊन बसला.

मी स्मरणपत्रं पाठवली. साहेब न चुकता दर महिन्याला आठवण करायला यायचे, मजकूर तपासायचे, पोच आणून द्यायचे. इतका मदत करणारा माणूस मिळणार नाही. फोन करू का, कुणी ओळखीचं आहे का तुमच्या जुन्या कार्यालयात, असं मी एकदा विचारलं. होते ना, त्यांच्या हाताखाली तयार झालेले दोघं तिथंच होते. साहेब म्हणाले की ओळखीनं काम करून घेतलं तर ते काम ओळखीपुरतंच टिकतं. एक फोन. एक फोन केला असता तर कुणीतरी ती फाइल वर काढली असती. मी नंतर त्यांच्यासमोर हात जोडले. त्यांनी वही काढून लिहिलं, 'ताईंनी दूरध्वनी करण्याची विनंती केली. नकार दिला.' माझ्यासमोर लिहिलं.

पावसाळा नुकताच संपला होता, टेकडीच्या वाटेवर शेवाळ होतं. सखरबाईनं अंगठा दिला, धान्याची पावती कमरेला खोचली आणि उतरताना तिचा पाय सरकला. सुनंदानं हात धरला होता. सुनंदाही तिच्याबरोबर पडली, पण सुनंदा उठली. म्हातारीचा खुबा मोडला. चादरीची झोळी करून चौघांनी तिला खाली आणलं. गाडी बोलावायला फोन करायचा तर रेंज टेकडीवरच, म्हणून एकाला परत वर पळत जावं लागलं. शहरातल्या सरकारी दवाखान्यात ती महिनाभर होती. मी रोज जायची. ती मला काही बोलली नाही. तिचा राग सुनंदावर होता, तू हात सोडलास म्हणून. सुनंदानं सोडला नव्हता. पण म्हातारीच्या डोक्यात ते बसलं ते बसलं, आणि सुनंदा तिचं सगळं करत असताना हे रोज ऐकून घ्यायची.

सखरबाई त्यानंतर स्वतःच्या पायावर उभी राहिली नाही.

पत्र दिल्याला दीड वर्ष झालं आणि एक दिवस टाकळकर साहेब पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या ऑफिसात आले. मी त्यांना असं खुललेलं कधी पाहिलं नव्हतं. हातात कार्यालयाचं उत्तर होतं, त्याच्या त्यांनी चार झेरॉक्स काढून आणल्या होत्या. मजकूर दोन ओळींचा. 'आपण नमूद केलेल्या बाबीस परवान्याची आवश्यकता नाही. सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.'

लागतच नव्हता. सोळा महिने ती डिश गोणीत बांधून ठेवली, ती कशासाठी, तर परवाना लागत नाही हे लिहून मिळावं म्हणून.

त्या दिवशी सुनंदा योगायोगानं ऑफिसातच होती. सासूची औषधं न्यायला शहरात आली होती, दवाखान्यातून आमच्याकडं डोकावली होती. साहेबांनी तिला ओळखलं. पेढा तिच्यापुढं धरून म्हणाले की आता राष्ट्रपती आले तरी तुझी डिश कुणी काढू शकत नाही, लेखी आलंय. त्यांना मनापासून आनंद झाला होता. ते बघूनच माझं डोकं फिरलं. मी म्हटलं साहेब, तुम्ही वाडीत आला होता त्या दिवशीचं पान काढा. त्यांच्या जुन्या वह्या पिशवीतच असायच्या. ती वही त्यांनी शोधली, पान काढलं, आणि चष्मा नाकावर सरकवून वाचलं. 'लाभार्थीची मागणी: टेकडी चढावी लागू नये.' मग माझ्याकडं बघून म्हणाले की आहे, नोंद आहे. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. मी काय दाखवतेय हे त्यांना खरंच कळलं नव्हतं.

सुनंदानं पेढा घेतला नाही. ती म्हणाली, "साहेब, त्याच्याखाली अजून येक लिवा. सखरबाई टेकडीवरून पडली. तारीख मी सांगते. आन् हेबी लिवा, का सुनंदानं हात सोडला नव्हता."

साहेबांनी निळं पेन काढलं. तिनं सांगितलं तसं शब्दन् शब्द लिहिलं, तारखेसकट. आणि वही तिच्यापुढं फिरवून म्हणाले, "इथं सही करा."

मला वाटलं ती वही त्यांच्या तोंडावर फेकेल. मी असते तर फेकली असती. तिनं पेन घेतलं, वाकून सावकाश पूर्ण नाव लिहिलं. तिला ते कुठंतरी लिहिलेलं हवं होतं आणि लिहून घेणारा दुसरा कुणी तिला भेटला नव्हता. सही झाल्यावर ती बाहेर जिन्यात जाऊन रडली. साहेबांनी एक झेरॉक्स स्वतःकडं ठेवली, मूळ पत्र आणि उरलेल्या तीन झेरॉक्स माझ्याकडं दिल्या आणि त्यांची पोच घेऊन गेले. पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच राहिला. मी तो संध्याकाळी कचऱ्यात टाकला.

वाडीची डिश आता चालू आहे. दुकानदार समाजमंदिराच्या ओट्यावर बसतो आणि मशीन घेऊन सखरबाईच्या खाटेपर्यंत जाऊन अंगठा घेतो. तिथं रेंज चांगली येते.

त्यानंतर मी टाकळकर साहेबांना बोलावलं नाही. गल्लीत ते दिसले तर मी रस्ता बदलायचे. वहिनी गेल्या तेव्हाही गेले नाही. ऐकलं होतं की मुलगी परगावी, हे एकटेच राहतात, डबा लावलाय. लोक म्हणायचे की बिचारे. मला बिचारे वाटले नाहीत.

गेल्या नोव्हेंबरमध्ये मात्र समोरासमोर गाठ पडली. उस्मानपुऱ्यातच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर सेवा केंद्र आहे, मी आईच्या आधारकार्डाच्या कामाला गेले होते. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा महिना. आपण जिवंत आहोत हे अंगठा देऊन दाखवायचं, तर पुढं पेन्शन येणार. सात-आठ म्हातारे खुर्च्यांवर बसलेले. मशीनसमोर टाकळकर साहेब. फार वाळले होते. काठी आली होती. शर्टाच्या खिशाला पेनं तीच, दोन. केंद्र चालवणाऱ्या बाई त्यांना सांगत होत्या की काका, सकाळपासून नेट गेलंय, अंगठा जाणार नाही. साहेब म्हणाले की काल पण हेच सांगितलं तुम्ही, मी काल पण जिना चढलो. बाई वैतागून म्हणाल्या की मी काय करू, माझ्या मोबाईलचं नेट संपलंय, कुणी आपल्या मोबाईलवरचं दिलं तर दोन मिनिटांचं काम आहे.

साहेबांनी मान वळवली आणि त्यांना मी दिसले. ओळख पटायला जरा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या मोबाईलवर नेट आहे का हो?"

ते तोंडी विचारत होते. इतक्या वर्षांत या माणसानं कुणाकडं काही तोंडी मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. माझा मोबाईल हातातच होता. त्यावर नेट होतं, भरपूर होतं.

"नाही साहेब," मी म्हटलं. "माझ्याकडं पण नाही."

त्यांनी मान हलवली. माझ्या हाताकडं बघितलंसुद्धा नाही. कागद आहे का, पुरावा काय, काही विचारलं नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि काठी घेऊन उठले. जिन्याला कठडा एकाच बाजूला होता. तो धरून, आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा, असे ते उतरायला लागले. मी वर दारात उभी राहून बघत होते. ते पडावेत असं मला वाटलं नाही. हाताला धरायला जावं असंही वाटलं नाही.

खाली पोचल्यावर फाटकाशी ते थांबले. काठी काखेत धरली, खिशातून वही काढली, घड्याळ बघितलं आणि लिहायला लागले. तारीख, वेळ, केंद्रावर नेट नव्हतं. मग वर दाराकडं एकदा बघून त्यांनी आणखी एक ओळ लिहिली. ती काय असणार हे मला माहीत आहे. ताईंकडेही नव्हते. ते आता त्या वहीत निळ्या शाईत आहे, आणि साहेबांच्या मते कागद मुकरत नाही.